तीन उजव्या कळ्या

आमच्या लहानपणी मुलाला 'तुला काय व्हायचंय' असं कुणी विचारत नसे. बापाचं शेत ते मुलाचं शेत, बापाचे बैल ते मुलाचे बैल, इतका सरळ मामला होता. आमच्या बाबांनी मात्र दादाला विचारलं. असा प्रश्न विचारणारा गावातला तो पहिलाच बाप असावा. त्यांच्या त्या चांगुलपणाची शिक्षा आमच्या घराला पुढे फार मोठी झाली, असं मला आजही वाटतं.

आमचं गाव खालापुराकडचं, कुंभिवलीच्या पुढे. भाताची थोडी जमीन होती, पण घर चालायचं ते बाबांच्या बैलगाडीवर. पावसाळा सरला की माळावरचं गवत कापून त्याचे भारे कर्जत स्टेशनावर न्यायचे, तिथून ते रेल्वेने मुंबईच्या तबेल्यांकडे जायचे. बाबांच्या हातातला कासरा इतका जुना की त्याला जागोजाग गाठी मारलेल्या. आई म्हणायची, अहो, नवा आणा की. बाबा हसायचे. "माझ्यापुरता हाय की गं. पोरगा काय गाडी हाकनार हाय व्हय?" हे बोलताना त्यांच्या स्वरात जो अभिमान असे, तो मला अजून ऐकू येतो.

दादा माझ्याहून बराच मोठा, आणि सगळ्या गावाचा लाडका. त्याला काहीही दाखवा, ते त्याच्या हातात बसायचं. पण तीन गोष्टींवर त्याचा जीव होता.

पहिली शाळा. लोकल बोर्डाच्या शाळेत सातवी होऊनही तो तिकडे जातच राहिला, कारण मास्तर एकटे आणि पोरं फार. लहान पोरं मास्तरांपुढे गप्प बसत आणि दादापुढे तोंड उघडत. मुलींना शाळेत धाडायची रीत आमच्यात नव्हती, म्हणून मला त्यानं घरीच शिकवलं. सारवलेल्या ओटीवर कोळशानं अक्षर काढायचा आणि म्हणायचा, "ह्यावरनं बोट फिरव. घाई करू नको." मी चुकले तर ओरडायचा नाही, नुसता पुसून पुन्हा काढायचा. आईला मात्र रोज ओटी सारवावी लागे, आणि तिचं ओरडणं आम्हा दोघांच्या वाट्याला सारखंच येई.

दुसरी गोष्ट इंजिन. आमचा मामा कर्जतला रेल्वेच्या इंजिन-शेडमध्ये खलाशी होता, इंजिनं पुसायचा, कोळसा भरायचा. घाट चढणाऱ्या गाडीला कर्जतला मागून ढकलायला जादा इंजिन लावत. बाबांबरोबर गवत घेऊन गेला की दादा भारे उतरवायचा आणि तडक शेडकडे पळायचा. एकदा कुणा ड्रायव्हरनं त्याला इंजिनावर उभं राहू दिलं, पार घाटातल्या ठाकुरवाडीपर्यंत. उतरणाऱ्या इंजिनावरून परत आला तेव्हा त्याचे दात तेवढे पांढरे दिसत होते. आठ दिवस घरात दुसरा विषय नव्हता. चढावर कुठे धाप लागते, बोगद्यात धूर कसा कोंडतो, कोळसा कसा पसरून टाकावा लागतो. आई म्हणाली, "जेव आता, नायतर तुझ्याच पोटात कोळसा घालते."

आणि तिसरी गोष्ट गणपती. कर्जतच्या बाजारात एक म्हातारे मूर्तिकार होते, शाडूच्या मूर्ती करायचे. बाबांची गाडी रिकामी होईपर्यंत दादा त्यांच्याकडे माती मळायला बसे. मळता मळता सोंड वळायला लागला, मग रंग द्यायला. शेवटी एका वर्षी म्हाताऱ्यांनी त्याच्या हातात डोळ्यांची आखणी करायची बारीक कुंची दिली. डोळे सगळ्यात शेवटी होतात आणि ते कुणी दुसऱ्याच्या हाती देत नाही. मी त्या दिवशी बाबांबरोबर गेले होते. दादानं श्वास धरला, एक रेघ ओढली, मग दुसरी, आणि इतका वेळ नुसता मातीचा असलेला तो गणपती एकदम माझ्याकडे बघायला लागला. मी घाबरून बाबांच्या मागे दडले. म्हाताऱ्यांनी पुढची मूर्ती दादासमोर सरकवली.

लोक मला शहाणपण शिकवतात की माणसाला मनापासून एकच गोष्ट आवडते, बाकीच्या नुसत्या हौसेच्या. साफ खोटं आहे. मी त्याला तिन्ही ठिकाणी पाहिलेलं आहे. शाळेत, शेडमध्ये आणि मूर्तींपुढे त्याचा चेहरा एकसारखाच उजळलेला असे. उणं-अधिक असतं तर बिचारा सुटला असता.

मग एका उन्हाळ्यात तिन्हीकडून एकदमच बोलावणं आलं. मास्तर घरी येऊन म्हणाले, "याला माझ्या हाताखाली उमेदवार म्हणून घेतो. दोन वर्षांनी पुण्याला ट्रेनिंगला पाठवू. पक्का मास्तर होईल." चार दिवसांनी मामा आला. शेडमध्ये एक जागा होणार होती. "दाजी, रेल्वे म्हंजी जन्माची भाकर," तो म्हणाला. आणि मूर्तिकारांनी बाबांना बाजारात अडवून सांगितलं की मला मूल नाही, हा माझ्याकडे राहिला तर माझे साचे आणि माझं नाव, दोन्ही याचं. तिघांनाही पावसाच्या आधी उत्तर हवं होतं. बाबांना तर जग जिंकल्यासारखं झालं. ते दादाला म्हणाले, "तुला आवडंल त्ये कर. माझी जबरदस्ती नाय."

जबरदस्ती केली असती तर बरं झालं असतं. दादाचं जेवण तुटलं. आम्ही शेतात राब भाजायला गेलो होतो. पेरणीआधी पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन जाळायची आमच्याकडची रीत. विस्तव बांधापलीकडे जाऊ नये म्हणून आम्ही दोघं डहाळ्या घेऊन उभे होतो. दादा जाळाकडे बघत म्हणाला, "एक धरलं की दोन मरनार गं. मारू कुनाला?"

मी म्हटलं, "मग तिन्ही कर."

तो हसला आणि डहाळीनं माझ्या पाठीत हळूच एक दिली. पण डोळे भरलेले होते, आणि ते धुरानं नव्हते.

पाऊस जवळ आला तरी ठरेना. तेव्हा बाबांनी आमच्याकडे अशा वेळी जे सगळेच करतात तेच केलं. गावदेवीला कौल लावला. आमच्या गावात बैल घ्यायचा, विहीर खणायची, सोयरीक जुळवायची, काहीही असो, कौल घेतल्याशिवाय कुणी पाऊल टाकत नसे. गुरव देवीला आंघोळ घालतो, तगरीच्या ओल्या कळ्या तिच्या दोन्ही खांद्यांना चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी कळी पडली की होकार, डावी पडली की नकार. मग ज्याचं काम असेल तो हात जोडून बसतो, आणि कळी पडेपर्यंत कुणी जागचं हलत नाही.

गुरव म्हातारा होता. बाबांचं म्हणणं ऐकून तो गोंधळला. "आरं, देवी व्हय म्हनती नायतर नाय म्हनती. तिघांतलं एक निवडून कशी देनार?"

"मग एकेक इचारा, काका," बाबा म्हणाले. "ज्याला व्हय म्हनंल त्ये धरू."

गुरवानं आधी शाळेचं विचारलं. ह्या लेकराला मास्तरकी लाभंल काय गं माये? उजवी कळी पडली. बाबांनी डोकं टेकवलं आणि उठायला लागले. गुरव म्हणाला, "बस रं. बाकीची बोलवनी आल्यात ती इचारायला नगत? देवीला अर्धं गाऱ्हाणं घालू नये." नव्या कळ्या लावून शेडचं विचारलं. उजवी. पुन्हा कळ्या लावून गणपतीचं विचारलं. बराच वेळ काहीच झालं नाही. दारात गर्दी जमली होती. मग अलगद उजवीच कळी पडली.

गुरवाचं तोंड उघडंच राहिलं. आमच्या मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि म्हणालं, "तीन तिघाडा, काम बिघाडा." दादाही हसला. बाबा मात्र हरखून गेले होते. देवीनं त्यांच्या मुलाला तिन्ही दिलं होतं! आईनं त्या दिवशी खीर केली. दादानं वाटी तशीच ठेवली आणि गोठ्यामागे जाऊन बसला. मी मागोमाग गेले. तो म्हणाला, "देवीलाबी ठरवता आलं नाय बघ."

आता कुणालाही वाटेल, तिन्हीला होकार आला तर त्यातलं कुठलंही एक घ्यावं आणि सुखी व्हावं. पण आमच्याकडे कौल म्हणजे देवीचा शब्द. तो मिळवायला हात जोडायचे, आणि मिळाल्यावर तो मोडायचा नाही. बाबांनी सरळ सांगितलं, "देवीनं दिलंय त्ये सोडायचं नाय. येळ काढ, तिन्ही कर." इतकी वर्षं जबरदस्ती न करणारा माझा बाप देवीच्या वतीनं बोलताना तसूभर हलला नाही.

दादानं ते करून पाहिलं. तीन-चार वर्षं पाहिलं. भात झोडून झालं की मामाकडे राहून शेडमध्ये बदली कामावर जायचा, उन्हाळ्यात सकाळच्या शाळेत, पाऊस लागला की मूर्तिकारांकडे. ऐन लावणीत दोन दिवस घरी यायचा, गुडघाभर चिखलात रोपं लावायचा आणि पुन्हा कर्जतची वाट धरायचा. आमच्या भागातला हिवताप त्याला दरवर्षी गाठायचा. तो कण्हत ओटीवर पडलेला असला तरी बाहेरून कुणीतरी ओरडून विचारायचं, "काय रं, आज देवीचं कुठलं काम?"

आणि कामं काय अशी वाट बघत बसतात? मास्तरांनी शिकवायला दिलेली पोरं दादा गेला की पुन्हा अडखळायची, आणि ट्रेनिंगला नाव द्यायची वेळ आली की दादा शेडमध्ये असायचा. मामा वैतागून म्हणायचा, "भाच्या, आगगाडी देवीला इचारून सुटती काय रं?" मूर्तिकार काही बोलत नसत, ते मला सगळ्यात वाईट वाटायचं. एका वर्षी दादा शेडमधून थेट त्यांच्याकडे गेला. हात चार वेळा धुतले तरी नखांत ऑइल, आणि अंगात बारीक ताप. कुंची हातात घेतली तर रेघ थरथरली. एका गणपतीचा डोळा वाकडा झाला. म्हाताऱ्यांनी ओलं फडकं घेऊन तो हळूच पुसला आणि त्या वर्षी डोळे पुन्हा स्वतः आखायला घेतले. हे दादानंच मला सांगितलं. सांगताना तो आपल्या बोटांकडे असा बघत होता, जसं काही ती दुसऱ्या कुणाची होती.

एकदा त्यानं ठरवलंही. शेड सोडतो म्हणाला. घाटात विजेची इंजिनं येणार म्हणून तारांचे खांब उभे राहायला लागले होते, तेवढं निमित्त त्याला पुरलं. त्याच आठवड्यात आमच्या पांढऱ्या बैलानं वैरण सोडून बसकण मारली. आईनं गोठ्यातच हंबरडा फोडला. "देवीचं दिलेलं लाथाडलंस रं!" दादाचा यावर काडीचा विश्वास नव्हता, त्यानं बैलाला कडू पाला वाटून पाजला आणि बैल उठलाही. पण आईच्या डोळ्यांतलं पाणी त्याच्यानं बघवेना. तो गुपचूप शेडमध्ये परत गेला. मला तेव्हा सगळ्यांचा इतका राग आला होता, बैलाचासुद्धा.

पुढे एकदा पाणवठ्यावर मी आणि एक म्हातारी आत्याबाई कळशा भरत होतो. दादाचा विषय निघाला. ती फटकळ बाई होती. म्हणाली, "देवीला बोल लावू नगा. तुमी इचारलं काय? ह्ये लाभंल काय, त्ये लाभंल काय. पोर गुनाचं, देवी कशापायी नाय म्हनंल? सोडून दिलं तर चालंल काय, ह्ये कुनी इचारलं?"

मी कळशी तशीच खाली ठेवली. खरंच, हे कुणी विचारलंच नव्हतं. मी धावत घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी मला पुरं बोलूच दिलं नाही. एकदा घेतलेला कौल पुन्हा घ्यायचा नसतो, देवीची परीक्षा बघितल्यासारखं होतं. आणि मुलीच्या जातीनं असल्या गोष्टीत तोंड घालू नये. मी गप्प बसले, पण तो प्रश्न मी मनात धरून ठेवला. दादाला मात्र सांगितला नाही. आशा दाखवून ती फसली तर त्याला सोसलं नसतं.

मग माझं लग्न ठरलं, कळंबकडे. लग्नानंतर सासरी निघण्याआधी मुलीनं गावदेवीची ओटी भरायची असते. बायका बाहेर पायरीवर थांबल्या आणि मी ओटी घेऊन आत गेले. गुरव आणखी वाकला होता. मी तांदूळ, खण, नारळ देवीपुढे ठेवला आणि त्याला म्हटलं, "आजोबा, एक कौल लावा."

"कौल बापानं मागायचा असतो, पोरी."

"आज मी परकी झाले. पुन्हा मला इथं कोण मागू देनार? लावा. माझ्या दादाला दोन सोडून एक धरायची मोकळीक हाय काय, येवढंच इचारा."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं कळ्या भिजवल्या. मला वाटतं, त्या पहिल्या दिवसाचं ओझं त्याच्याही छातीवर होतं, कारण बाकीची दोन विचारायला त्यानंच लावलं होतं. त्यानं गाऱ्हाणं घातलं आणि हात मागे घेण्याआधीच उजवी कळी पडली. टपकन. मी अशी कधी पडलेली पाहिली नव्हती. म्हातारा रडायला लागला. मीही रडले, पण ते सुखानं. कपाळाच्या मळवटासकट मी देवीच्या पायांवर डोकं घासलं. आता दादा सुटला, आता तो सुटला, दुसरं काही मनात नव्हतं.

गाडी देवळासमोरच उभी होती. मी बसले, माझ्या मागे दोन बायका बसल्या. नवऱ्याकडची माणसं पुढच्या गाडीत होती. आमची गाडी हाकायला दादा बसला होता. मला त्याचं नवल वाटलं नाही. बाबांचे गुडघे त्या वर्षी फार धरले होते, आणि बहिणीला पोचवायला भाऊ जातोच. घराकडून आईच्या रडण्याचा आवाज आला, आणि गाडी हलली.

वेशीबाहेर आल्यावर मी पुढे वाकून त्याच्या कानाशी बोलले. "दादा, देवीनं तुला मोकळं केलं. मी कौल लावला. सोडायला व्हय म्हनाली. आता तुझं एक धर."

तो पुढे बघतच म्हणाला, "कुठलं धरू गं?"

"तुला हवं त्ये!"

"शाळंत पक्का मास्तर आलाय. म्हाताऱ्यांनी भाचा आणून ठेवलाय हाताखाली. आनि मामाला मी गेल्या पंधरवड्यात सांगून आलो, माझ्या जागी कुनालाबी घ्या." त्यानं बैलांना चुचकारलं. "तिन्ही सोडली मी."

"देवीला न इचारता?"

"दमलो गं," तो म्हणाला. एवढंच.

मग मला जे रडू आलं ते आवरेना. पदर तोंडात कोंबला तरी आवरेना. मागच्या बायका माझ्या पाठीवरून हात फिरवत एकमेकींना म्हणाल्या, रडू दे, माहेर सुटतंय तिचं. दादानं वळून पाहिलं नाही, ओढ्याच्या उतारावर बैलांना आवरण्यात तो गुंतला होता. तेव्हा माझी नजर त्याच्या हातांकडे गेली. त्याच्या हातात कोरा कासरा होता, एकही गाठ नसलेला. बाबांनी तो मागल्या बाजारात त्याच्यासाठी विकत आणला होता.